घरची भाषा, बाजारची भाषा
शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये २१:३७ ते २२:२



जूनमध्ये गणवेशाचे कापड घ्यायला वसतिगृहातल्या दोघी मुलींना घेऊन मी गांधीबागेत गेले होते. दुकानातले शेठ फोनवर मारवाडीत बोलत, आमच्याशी हिंदीत आणि कापडाचे गठ्ठे उतरवणाऱ्या माणसाशी मराठीत. कोणालाच त्याचे नवल नव्हते. तेवढ्यात एकीला आईचा फोन आला. ती उठून बाहेर गेली आणि तोंडाशी ओढणी धरून हळू आवाजात गोंडीत बोलू लागली.

हे लपवणे तिला आमच्याकडेच शिकायला मिळाले होते. ‘इथे मराठीच बोलायचे’ हा नियम मीच केला होता. त्याने मुली लवकर पुढे जातील, अशी माझी समजूत.

पौलाकडे पाहा. यरुशलेमेत शिपाई त्याला गढीत नेत असताना तो सरदाराशी ग्रीक भाषेत बोलला, म्हणून त्याला बोलायची परवानगी मिळाली. मग पायऱ्यांवर उभा राहून तो लोकांशी इब्री भाषेत बोलू लागला आणि ते अधिकच शांत झाले. एका भाषेने दार उघडले, दुसरीने कान. (पुढे तो जमाव पुन्हा खवळला, हेही खरे. भाषेने सगळेच साधत नाही.) दोन्ही भाषा सारख्याच सफाईने येणे म्हणजे द्वैभाषिक असणे, असे आपण समजतो. तसे क्वचितच असते. प्रत्येक भाषेचे काम वेगळे असते, एवढेच.

आपल्या नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना हे कळले होते. त्यांनी गोंडांची गाणी गोंडीतच उतरवून घेतली. १८६३ मध्ये ते बुडून वारले. ती टिपणे १८६६ मध्ये छापली गेली.

गोंडी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगू-कन्नडच्या द्रविड कुळातली आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ३० लाख भाषक नोंदले आहेत. ‘उंदी, रंड, मुंद’ मोजणाऱ्या मुलीला मोजणे येतच असते. तिला फक्त ‘एक, दोन, तीन’ हे शब्द नवे असतात. आम्ही मात्र तिला गणितच येत नाही असे धरून चाललो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून संविधानात कलम ३५० क आहे, तेही मी उशिराच वाचले.

नियम आता काढला आहे. संध्याकाळी लहान मुली आधी गोंडीत मोजतात, मग मराठीत. ती मुलगी मात्र आईचा फोन अजून व्हरांड्याच्या टोकाला जाऊनच घेते.