कॅनडाची वित्तव्यवस्था : कर, खर्च आणि कर्ज

संघराज्यात केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था यांचे जमाखर्च परस्परांत गुंतलेले असतात. एकाची तूट दुसऱ्याच्या दारी कशी पोहोचते, हे समजून घेण्यासाठी कॅनडाचा अनुभव अभ्यसनीय आहे.

1867 च्या घटना कायद्याने तेथील केंद्रास कोणत्याही प्रकारचा कर बसविण्याचा अधिकार दिला. प्रांतांना मात्र मुख्यत्वे प्रत्यक्ष करांचीच मुभा आहे. तथापि रुग्णालये व शिक्षण ही खर्चाची मोठी खाती प्रांतांकडेच आहेत. नगरपालिकांची भिस्त मालमत्ता करावर असते. प्रांताप्रांतांतील उत्पन्नाची तफावत कमी करण्यासाठी केंद्र 1957 पासून समानीकरण अनुदान देते; 1982 मध्ये या तत्त्वास घटनेत स्थान मिळाले. प्रांतांना स्वतःच्या जबाबदारीवर कर्ज उभारताना केंद्राची अनुमती लागत नाही. आपल्याकडे मात्र केंद्राचे कर्ज थकीत असलेल्या राज्यास घटनेच्या 293 व्या अनुच्छेदानुसार अशी संमती घ्यावी लागते.

1970 नंतरच्या दशकात कॅनडाच्या केंद्रीय अर्थसंकल्पात तूट कायमची झाली. पुढे व्याजाचे दर चढले आणि जुन्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढण्याची पाळी आली. 1991 मध्ये 7 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तरीही तूट हटेना. 1995 च्या सुमारास महसुलातील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम केवळ व्याजापोटी खर्ची पडत होती. त्या वर्षी अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी खात्यांच्या खर्चास व प्रांतांच्या अनुदानांस मोठी कात्री लावली. 1997-98 मध्ये अर्थसंकल्प शिलकी झाला आणि 2007-08 पर्यंत तसाच राहिला.

या काळाची झळ सामान्यांना सोसावी लागली. सस्कॅचेवान प्रांताने 1947 मध्ये देशात सर्वप्रथम सार्वजनिक रुग्णालय विमा योजना सुरू केली होती. त्याच प्रांताला स्वतःच्या कर्जापायी 1993 मध्ये 52 लहान ग्रामीण रुग्णालये बंद करावी लागली अथवा त्यांचे आरोग्य केंद्रांत रूपांतर करावे लागले.

काटकसरीचा लाभ पुढे दिसून आला. केंद्राचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन तृतीयांशावरून 2019-20 पर्यंत 31 टक्क्यांच्या आसपास उतरले होते. म्हणूनच महामारीच्या 2020-21 या वर्षात 300 अब्ज डॉलरांहून अधिक तूट सोसून शासनाला नागरिकांस साहाय्य देता आले.

कर्ज हे स्वतः वाईट नव्हे. पाणीपुरवठा, शाळा, रस्ते यांसाठी काढलेले कर्ज पुढील पिढीसही उपयोगी पडते. मात्र दैनंदिन खर्चासाठी वर्षानुवर्षे कर्ज काढले, तर त्याचा भार अखेर दूरच्या गावातील रुग्णावर पडतो. अर्थसंकल्पास मंजुरी देणाऱ्या प्रत्येक सभासदाने, मग तो संसदेचा असो वा ग्रामपंचायतीचा, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.