शिकार केली, मग मांसाचं काय?

प्रश्न : माझा मुलगा अलास्कात असतो. यंदा सहकाऱ्यांबरोबर तो मूस या थोराड हरणाच्या शिकारीला जाणार आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं मांस वाया जाणार नाही का? मनाला पटत नाही.

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि तिथला कायदाही तुमच्याच बाजूचा आहे. मोठ्या नर मूसपासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस निघतं. मान, छाती, बरगड्या, पाठ, चारही पाय यांचं खाण्याजोगं मांस रानातून आणावंच लागतं. टाकून येणं गुन्हा आहे. मांस सोडून आधी शिंगंच उचलून आणताही येत नाहीत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

मांस नासतं ते उष्णतेने. जाड कातडीमुळे मूसच्या अंगातली ऊब थंडीतही तासन्‌तास टिकते. मागच्या मांडीत, हाडालगत सडायला सुरुवात होते. वरून मात्र मांस लालबुंद, ताजं दिसतं. म्हणून आतडी लगेच काढावीत, कातडी सोलावी, मांस सुती पिशव्यांत घालून सावलीत, वाऱ्यावर टांगावं. प्लॅस्टिक अजिबात नको, आत ओल धरते.

मुलाला एवढं जरूर विचारा : गाडीपासून किती लांब जाणार? दलदलीत दूरवर जनावर पाडलं, तर पाठीवरून खेपा करायला माणसं हवीत. ती नसतील, तर बंदूक उचलूच नये. घरचा फ्रीझर पुरणार नसेल, तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावं. लेखी नोंद करून मांस देता येतं, विकता येत नाही.