इमारत सांभाळायला पदवी कशाला?

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड करून तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला आहे. त्याचे साहेब म्हणतात, परदेशात देशोदेशीची मुले ‘फॅसिलिटी मॅनेजमेंट’ची पदवी घेतात आणि त्यावर चांगल्या नोकऱ्या मिळतात. हे खरे का? इमारत सांभाळायला पदवी कशाला लागते? आणि आमच्या मुलाला त्यात काही वाट आहे का?
– एक आई, बोईसर

उत्तर : ताई, साहेब खरे सांगताहेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या हान्झे विद्यापीठाने हा विषय इंग्रजी माध्यमातून शिकवायला घेतला, म्हणून तिथे निरनिराळ्या देशांतली मुले येऊ लागली. न्यूयॉर्कची प्रॅट इन्स्टिट्यूट आणि हाँगकाँगचे पॉलिटेक्निक विद्यापीठ यांनी त्यात पदव्युत्तर अभ्यासक्रम काढले. या व्यवसायाची ‘इफ्मा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९८० साली स्थापन झाली आणि २०१८ मध्ये आयएसओ ४१००१ हे जागतिक मानकही आले.

आता पदवी कशाला, ते पाहू. मोठ्या इमारतीत वीज, पाणी, एसी, लिफ्ट, आग विझवण्याची यंत्रणा, सफाई, सुरक्षा अशी दहा कामे दहा हातांत असतात. प्रत्येक जण आपले काम चोख करतो, तरी धोका दोन कामांच्या मधल्या फटीत लपून राहतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला आणि त्यानंतर अनेकांना न्यूमोनियासारखा आजार होऊन माणसे दगावली. त्या जिवाणूचा छडा पुढच्या वर्षी लागला आणि संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर आला. तेव्हापासून कूलिंग टॉवरच्या पाण्याची निगा हा आरोग्याचा विषय झाला. आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या एका रुग्णालयात २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण होरपळले, हे आपण विसरलेलो नाही. त्या आगीची सुरुवात एसी यंत्रणेतून झाल्याचे सांगितले गेले. एसी, वायरिंग, ऑक्सिजन आणि बाहेर पडण्याची वाट यांचा एकत्र विचार करणारा माणूस प्रत्येक इमारतीत असायलाच हवा. फॅसिलिटी मॅनेजर म्हणजे तो माणूस.

हे काम किती बारकाईचे असते, त्याचे एक उदाहरण देतो. पंपरूममध्ये फायर पंपाच्या पॅनलवर एक छोटा सिलेक्टर स्विच असतो. कुणीतरी दुरुस्तीसाठी तो ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेतो, काम आटोपते आणि स्विच तसाच राहतो. पंप नवा असतो, टाकी भरलेली असते, ऑडिटचा कागदही तयार असतो. पण आग लागून लाइनमधला दाब उतरला तरी पंप आपसूक सुरू होत नाही. रोजच्या फेरीत हा स्विच बघायचा, दाब लॉगबुकात लिहायचा आणि महिनाभराच्या नोंदी ताडून बघायच्या, ही शिस्त नुसते पाना-पकड चालवून येत नाही. ती शिकावी आणि शिकवावी लागते. बजेट मांडणे, कंत्राटदाराशी करार करणे, नवे यंत्र घ्यायचे की जुनेच दुरुस्त करायचे हे ठरवणे, हेही त्याच अभ्यासात येते.

काही देशांनी ही निगा कायद्यातच घातली आहे. सिंगापुरात २० वर्षांहून जुन्या आणि १३ मीटरपेक्षा उंच इमारतींच्या बाह्य भिंतींची दर सात वर्षांनी तपासणी २०२२ पासून बंधनकारक आहे. नियम आला की तो पाळणारी जाणकार माणसे लागतात आणि मग विद्यापीठांत वर्ग भरतात.

तुमच्या मुलाने मात्र यासाठी फार लांब बघायला नको. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधले आणि ते १९६९ मध्ये सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेची मदत आटली. बांधणारे केव्हाच परत गेले होते, यंत्रे मात्र इथेच होती. ती पुढे कित्येक दशके आपल्या अभियंत्यांनी आणि तंत्रज्ञांनी चालवली, दुरुस्त केली. बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, सांभाळणाऱ्याची लागत नाही. तरी या पट्ट्याचा खरा मोठेपणा सांभाळणाऱ्यांचाच आहे, असे मी मनापासून मानतो.

धंदा म्हणूनही हे क्षेत्र लहान नाही. सातारा जिल्ह्यातले हणमंतराव गायकवाड पुण्यात टेल्कोत इंजिनिअर होते. १९९७ मध्ये त्यांनी कारखान्यातल्या हाउसकीपिंगच्या कामापासून सुरुवात केली आणि त्यातून ‘बीव्हीजी’ ही देशभर काम करणारी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, सिडकोने जिल्हा मुख्यालयाचे संकुल उभारले, बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होते आहे. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते, त्यापुढची पन्नास वर्षे सांभाळण्याचीच असतात.

आता वाट सांगतो. परदेशी पदवी ही पहिली पायरी नव्हे. मुलाने आहे तिथेच तीन-चार वर्षे नेटाने काम करावे आणि एसीबरोबर इलेक्ट्रिकल, पंप, फायर, डीजी सेट ही कामेही मागून घ्यावीत. खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या फिन्स का झडतात, हे ज्याने हाताने पाहिले आहे, त्याला वर्गातला धडा लवकर उमजतो. जमल्यास बाजूने डिप्लोमा करावा आणि इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा सराव ठेवावा. त्यानंतर इफ्माचे ‘एफएमपी’ प्रमाणपत्र घेता येते. त्यात देखभाल, प्रकल्प, पैशांचे नियोजन आणि नेतृत्व असे चार भाग आहेत. ‘सीएफएम’ ही त्यापुढची परीक्षा अनुभवी माणसांसाठी आहे. हे सगळे नोकरी सांभाळून होते.

आखाती देशात जायचे ठरलेच, तर एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आधी तपासा आणि कराराचा कागद हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पदवीसाठी कर्ज काढायची वेळ आली, तर आधी त्या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची आहे ते विचारा, आणि तिथून शिकून गेलेली मुले आज कुठे काम करतात तेही. या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे जी संस्था देत नाही, तिथे मुलाला पाठवू नका.