नेटशिवायची शेती

प्रश्न : निवृत्तीनंतर संगणकावर शेतीचा एखादा निवांत गेम खेळावासा वाटतो. पण आमच्याकडे नेट सारखं जातं. अशा गेमना ते कायम लागतंच ना?
— एक वाचिका, देवरुख

उत्तर : नाही लागत, ताई. फेसबुकवरच्या शेतीच्या खेळांमुळे हा समज पसरला. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) घ्या. साध्या लॅपटॉपवरही छान चालतो. ‘जीओजी’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेऊन एकदा उतरवून ठेवलात की पुढे नेट नको, ‘स्टीम’ या दुसऱ्या दुकानातून घेतलात तर मात्र ऑफलाइन मोड निवडावा लागतो. सुरुवातीला पार्सनिप या कंदभाजीच्या १५ बिया मिळतात. रोज पाणी घाला, ४ दिवसांत काढणीला येतात. फार गोड वाटतं ते! फक्त एक सांभाळा : पात्र रात्री झोपलं की मगच खेळ सेव्ह होतो. त्याआधी लाइट गेली तर त्या दिवसाची कामं पुन्हा करावी लागतील.