गाडी स्वस्त, गॅरेज महाग
जुनी गाडी घेण्यापूर्वी आणि दुरुस्तीला टाकण्यापूर्वी करावयाचा हिशेब

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापडवाला, फळवाला, अंडी-कोंबडीचा व्यापारी, फर्निचरचा कारागीर, मंडप-डेकोरेशनवाला, बेकरीवाला अशा प्रत्येकाच्या धंद्याचे एक चाक गाडीवर फिरते. शिरूरहून माल आणायला पुण्याला जायचे म्हणजे एका बाजूने सत्तरेक किलोमीटर. दौंडकरांना रेल्वे जंक्शनची सोय आहे, पण भवानी पेठेतील माल रेल्वेने दुकानाच्या दारात येत नाही. तेव्हा गाडी लागतेच. प्रश्न एवढाच उरतो, की कोणती घ्यावी आणि ती चालवायला खरोखर किती पैसे लागतात.

आपल्याकडे गाडीची किंमत सर्वांना तोंडपाठ असते, पण गाडीचा खर्च फारच थोड्यांना सांगता येतो. "दीड लाखात उचलली" हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. पुढच्या तीन वर्षांत तिने किती खाल्ले, हे मात्र कुठल्याच वहीत नसते. या लेखात तोच हिशेब मांडायचा आहे.

मालकांचे अनुभव कसे ऐकावेत

जुनी गाडी घेताना आपण चार लोकांना विचारतो. ही पद्धत चांगली आहे, पण ऐकताना सावध राहावे. ज्याने नुकतीच गाडी घेतली तो आपल्या निवडीची बाजू घेतो. ज्याला विकायची आहे तो दोष सांगत नाही. ज्याची गाडी फारच वाईट निघाली त्याने ती केव्हाच विकलेली असते, त्यामुळे तो आपल्याला भेटत नाही. गॅरेजच्या उस्तादाकडे जी गाडी येते ती बिघडलेलीच येते. शिवाय ज्या मॉडेलच्या गाड्या गावात जास्त, त्याच गॅरेजमध्येही जास्त दिसणार. दारात पाच बोलेरो उभ्या दिसल्या म्हणून बोलेरो खराब ठरत नाही. गावात त्या शंभर असतील तर पाच ही संख्या काहीच नाही.

जर्मनीत एडीएसी ही वाहनचालकांची संघटना १९७८ पासून दरवर्षी रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्यांची मॉडेलवार आकडेवारी प्रसिद्ध करते. ठराविक संख्येच्या गाड्यांमागे किती बंद पडल्या, हे त्यात पाहिले जाते. आपल्या तालुक्यात अशी सोय नाही, पण त्यांची रीत उचलता येते. एकाच मॉडेलच्या, साधारण सारख्या वयाच्या गाड्यांचे पाच-सहा मालक गाठावेत आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत. वर्षाला रनिंग किती? गेल्या वर्षी गाडी किती दिवस उभी राहिली? सर्वांत मोठे बिल कशाचे होते? सुटा भाग शिरूर-दौंडमध्ये मिळाला की पुण्याहून आणावा लागला? "गाडी कशी आहे?" या प्रश्नाला "एकदम मस्त" एवढेच उत्तर मिळते. वरच्या प्रश्नांना आकडे मिळतात.

नव्या मॉडेलची घाई नको

याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडलेले आहे. पिंपरी-चिंचवडला बनलेली टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. देशी बनावटीची डिझेल मोटार म्हणून लोकांनी तिच्यावर उड्या घातल्या आणि लाखाहून अधिक आगाऊ नोंदणी झाली. परंतु सुरुवातीच्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारी आल्या. कंपनीने त्या ऐकून गाडीत सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये 'इंडिका व्ही-टू' आणली. हीच सुधारलेली गाडी पुढे वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावली. धडा साधा आहे. नवीन मॉडेलच्या पहिल्या वर्षी त्याची परीक्षा ग्राहकाच्या पैशाने होते. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने वर्ष-दोन वर्षे थांबावे.

दुसरी बाजू जुन्या मॉडेलची. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटॅडोर एके काळी गावोगावच्या व्यापाऱ्यांची गाडी होती. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि ओम्नीचे २०१९ मध्ये. उत्पादन थांबले की गाडी लगेच निरुपयोगी होत नाही. खपलेल्या गाड्या पुष्कळ असतील तर सुटे भाग बरीच वर्षे मिळत राहतात. पण जे मॉडेल थोडेच खपले आणि मग बंद झाले, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. एका सेन्सरसाठी किंवा दरवाजाच्या लॉकसाठी गाडी महिनाभर उभी राहू शकते. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचा, म्हणजे आपल्या 'छोटा हत्ती'चा, मोठा फायदा हाच, की तिचे काम येणारा कारागीर बहुतेक प्रत्येक बाजारगावात सापडतो.

तीन वर्षांचा ताळेबंद

आता आकडे मांडू. हे आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. दोन गाड्या धरू. पहिली दहा वर्षांची, किंमत १,५०,००० रुपये. दुसरी चार वर्षांची, किंमत ४,००,००० रुपये. वापर तीन वर्षे, एकूण रनिंग ४५,००० किलोमीटर, डिझेल ९० रुपये लिटर.

पहिली गाडी : तीन वर्षांनी ७०,००० ला विकली, म्हणजे घट ८०,०००. दुरुस्ती व टायर १,३५,०००. विमा व कागदपत्रे ४५,०००. पंधराच्या अॅव्हरेजने ३,००० लिटर डिझेल, म्हणजे २,७०,०००. वर्षाला १८ दिवस गाडी उभी राहिली आणि प्रत्येक दिवशी १,५०० रुपयांचा धंदा बुडाला, तर तीन वर्षांत ८१,०००. एकूण ६,११,००० रुपये. किलोमीटरला सुमारे १३ रुपये ५८ पैसे.

दुसरी गाडी : तीन वर्षांनी २,५०,००० ला विकली, म्हणजे घट १,५०,०००. दुरुस्ती व टायर ६०,०००. विमा व कागदपत्रे ६०,०००. अठराच्या अॅव्हरेजने २,५०० लिटर डिझेल, म्हणजे २,२५,०००. वर्षाला ५ दिवस उभी, तीन वर्षांचे नुकसान २२,५००. एकूण ५,१७,५०० रुपये. किलोमीटरला साडेअकरा रुपये.

अडीच लाखांनी महाग असलेली गाडी तीन वर्षांत ९३,५०० रुपयांनी स्वस्त पडली. यात बुडालेल्या दिवसांची रक्कम जरूर पाहावी. ती कुठल्याच बिलात छापलेली नसते, म्हणून आपण ती धरत नाही. पण आठवडे बाजाराच्या दिवशी गाडी बंद पडली तर त्या आठवड्याची कमाईच गेली.

मात्र हा हिशेब दोन ठिकाणी उलटतो. पहिले ठिकाण कमी रनिंगचे. तीन वर्षांत गाडी १५,००० किलोमीटरच फिरणार असेल, आणि त्या प्रमाणात डिझेल, दुरुस्ती व बुडालेले दिवस एक-तृतीयांश झाले असे धरले, तर पहिली गाडी २,८७,००० ला आणि दुसरी ३,१२,५०० ला पडते. म्हणजे ज्याला आठवड्यातून एकदाच माल आणायचा आहे त्याला जुनी गाडीच परवडते. दुसरे ठिकाण हप्त्याचे. वरचे अडीच लाख हप्त्याने घेतले आणि त्यावर तीन वर्षांत ९३,५०० रुपयांहून अधिक व्याज गेले, तर सगळा फायदा संपला. ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचेच नाही त्यांनी जुन्या गाडीवर दोन-तीन वर्षे काढावीत, पण दर महिन्याला ठराविक रक्कम पुढच्या गाडीसाठी बाजूला टाकावी.

घेताना काय पाहावे

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना स्वतः चालू करून पाहावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतो आणि रेडिएटरचे पाणी कमी होते, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाला दुधी थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळल्याची शक्यता आहे. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा चासीची तपासणी करावी. ओळखीच्या उस्तादाला सोबत नेऊन त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. पाचशे-हजार रुपये वाचवायला जाऊन पन्नास हजारांचे इंजिनकाम पदरात घेऊ नये.

कागद तितकेच महत्त्वाचे. आर.सी. बुक, विमा, पी.यू.सी., टॅक्स आणि मालवाहू गाडीचे फिटनेस पाहावे. इंजिन व चासी नंबर जुळवावेत. बँकेचा बोजा उतरला आहे का आणि ई-चलन थकले आहे का, हे ऑनलाइन पाहता येते. व्यवहार होताच नाव बदलून घ्यावे. विकणाऱ्यानेही हे विसरू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जातो. सह्या केलेले फॉर्म खिशात घेऊन गाडी तीन हात फिरते, ही रीत विकणाऱ्याला बुडवू शकते.

आपले रस्ते आणि गाडीची झीज

एकच गाडी एकाकडे दोन लाख किलोमीटर चालते आणि दुसऱ्याकडे लाखातच बसते. नगर रस्त्यावर शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली या पट्ट्यातील गर्दीत क्लच आणि ब्रेक लवकर संपतात. उन्हाळ्यातील धूळ एअर फिल्टर आणि रेडिएटरमध्ये बसते. तेव्हा पुस्तकात लिहिलेल्या मुदतीपेक्षा लवकर फिल्टर पाहावा आणि रेडिएटर बाहेरून धुऊन घ्यावा. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जादा लोड. एका खेपेत दीडपट माल आणून वाचलेले डिझेल पुढे पाटे, टायर, बेअरिंग आणि क्लच यांच्या बिलात परत द्यावे लागते. वर दंडाची आणि विम्याच्या दाव्यात वाद निघण्याची भीती वेगळी.

गॅरेजचा व्यवहार

गाडी टाकताना काय काय काम करायचे ते लिहून घ्यावे आणि अंदाजपत्रक मागावे. मजुरी वेगळी, सामान वेगळे. अंदाजापेक्षा जास्त काम निघाले तर आधी फोन आणि मग काम, हे ठरवून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. सामानाचे पक्के बिल घ्यावे. जी.एस.टी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरील कराची वजावट सर्वसाधारणपणे मिळू शकते, घरच्या मोटारीवर ती मिळत नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मात्र ही वजावट नाही.

गॅरेजवाल्या कारागीर बंधूंनाही दोन शब्द. कच्च्या चिठ्ठीवरच्या कामात आपलेच नुकसान आहे. ज्याच्याकडे जॉब कार्ड आहे त्याला ग्राहक खोटे पाडू शकत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल हा दंड होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण बाहेरच्या कारागिराचाही हक्क आहे ही गोष्ट त्या निकालाने अधोरेखित केली. त्या हक्काचा उपयोग मात्र शिकलेल्यालाच आहे. एप्रिल २०२० पासून येणाऱ्या बी.एस.-६ गाड्यांत कानाने दोष ओळखण्याचे दिवस बरेचसे संपले. स्कॅनर जोडून तो वाचता आला पाहिजे. गॅरेजवर काम करणाऱ्या मुलांना आय.टी.आय.चा मोटर किंवा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करायला लावावे. हाताला कसब आहेच, त्याला कागद आणि यंत्राची जोड द्यावी.

फसवणूक झाली तर

व्यापाऱ्यांचा समज असा, की ग्राहक कायदा आपल्यासाठी नाही. तो पूर्ण खरा नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यातून वगळली आहे, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा फरक समजावून सांगितला. त्या प्रकरणात २१ लाखांचे यंत्र मोठ्या उत्पादनासाठी घेतले होते, म्हणून तक्रारदार हरला. परंतु त्याच निकालात म्हटले आहे, की स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा ग्राहकच आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी लागते. पाच लाखांपर्यंत फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र हातात बिल नसेल तर ही सारी दारे अर्धी बंद समजावीत.

शेवटी एकच काम सांगायचे आहे. दहा-वीस रुपयांची वही आणून गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती, सामान, आणि गाडी उभी राहिलेले दिवस असे सहा रकाने आखावेत. वर्षभराने बेरीज केली की गाडी ठेवायची की काढायची, हे कोणालाही विचारावे लागणार नाही. विकताना हीच वही घेणाऱ्यासमोर ठेवता येईल. प्रामाणिक नोंदींची गाडी दोन पैसे जास्त देऊन घेणारा ग्राहक आपल्या बाजारात आजही मिळतो.