सुई टोचण्याआधी

चि. मनीषा,


परवा फोनवर तू दोन तक्रारी केल्यास. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीतली रडारड ऐकून डोकं उठतं, ही एक. दीड महिन्याच्या डोसाला आलेली एक आई अडीच महिन्यांच्या डोसाला आलीच नाही, ही दुसरी. मला या दोन्ही एकाच दुखण्याच्या वाटतात. आशाताई घरी जाऊन आल्या की ‘बाळाला ताप येतो म्हणून नको म्हणाली’ एवढंच सांगतात. तापाची भीती खरीच, पण पुष्कळदा त्या बाईला तो टाहो पुन्हा ऐकायचा नसतो, आणि ते ती बोलून दाखवत नाही.

दीड महिन्याच्या बाळाच्या वाट्याला काय येतं ते बघ. पोलिओ आणि रोटा तोंडावाटे, मग उजव्या दंडावर कातडीत एफआयपीव्ही, उजव्या मांडीत पीसीव्ही, डाव्या मांडीत पेंटा. अडीच महिन्यांना मात्र पेंटाची एकच सुई असते. हे त्या आईला कुणी सांगितलं होतं का? आपण चार संदेश देतो: कोणती लस दिली, पुढे कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो, कार्ड जपून ठेवा. ‘पुढच्या वेळी एकच सुई’ हे त्यातल्या दुसऱ्या संदेशाला जोडून दे.

‘एवढ्याशा बाळाला काय कळतंय’ असं म्हणणारे तुला भेटतील, कदाचित तुझ्याहून जास्त शिकलेलेही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तुझ्या मनात गोंधळ नको. १९८०च्या दशकात परदेशातल्या मोठमोठ्या इस्पितळांतसुद्धा तान्ह्या बाळांची ऑपरेशनं जुजबी भुलीवर होत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं की पुरेसं वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी होते. वेदना होते, फक्त बाळाला ती सांगता येत नाही.

आता कामाचं. बाळाला टेबलावर उताणं पाडून दोघींनी हातपाय दाबून धरायची पद्धत तुझ्या सत्रात असेल तर आधी ती मोड. बाळ आईच्या मांडीवर, तिच्या अंगाला लागून हवं. आणि शक्य असेल तिथे पाजत असतानाच टोच. सुई नजरेला पडण्याआधी बाळ नीट चोखू लागलेलं असावं, आणि टोचून झाल्यावरही आईने पाजत राहावं. ‘थेंब दिल्यावर पाजायचं नाही’ ही समजूत गावोगावी आहे; चालतं, बेलाशक पाजा म्हणावं. ठसका लागेल ही शंकाही त्या काढतील, पण बाळ शांतपणे पीत असेल तर तसं घाबरण्याचं कारण नसतं. खरी अडचण लाजेची असते. बाहेर गावातले बाप्ये उभे असताना कुठली बाई पदराआड बाळ घेणार? एक दोरी आणि जुनी साडी एवढ्यात आडोसा होतो, तो करून घे. बाळ शांत राहावं म्हणून मध मात्र कुणाला चाटवू देऊ नकोस. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो.

सुई आत गेल्यावर रक्त येतंय का म्हणून दट्ट्या मागे ओढायचा नाही. मांडीच्या त्या जागी मोठी रक्तवाहिनी नसते आणि सुई जितका वेळ आत हलते तितकं दुखतं. जी लस जास्त झोंबते ती शेवटी. मी पेंटा कायम शेवटी ठेवत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वेदना कमी करण्याबद्दल जे सांगितलं त्यात हे सगळं आहे. लस हातात चोळून कोमट करण्याचा मात्र उपयोग नाही, हेही त्यात आहे. पॅरासिटामॉल आधीच पाजून आणणाऱ्या आयांना थांबव. ताप आला तर मग द्यायचं, तेही वजनाप्रमाणे. बधिर करणारी मलमं खाजगी दवाखान्यांत मिळतात, पण ती लावून तासभर थांबावं लागतं. आपल्या सत्राचं ते काम नव्हे.

पाचव्या वर्षाच्या डीपीटी बूस्टरला येणारं पोर वेगळं. त्याला आजीने वर्षभर ‘जेव, नाहीतर नर्सबाई सुई टोचेल’ म्हणून धाक घातलेला असतो. त्या आजीला बाजूला घेऊन स्पष्ट सांग. मी सांगत असे, आणि काही जणी रागावतही. ‘काही दुखत नाही’ म्हणू नकोस. ते खोटं असतं आणि पोराला पुढच्या क्षणी कळतं. ‘आता टोचते, थोडं दुखेल, तू या भिंगरीवर जोरात फुंकर मार’ एवढं पुरे. बघायचं की तोंड फिरवायचं, हे त्याला ठरवू दे. रडलं तर रडू दे. ‘शूर मुलं रडत नाहीत’ हे वाक्य मला कधीच पटलं नाही.

शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचा टीडी देशील तेव्हा वर्गासमोर रांग लावू नकोस. पहिली मुलगी घेरी येऊन पडली की मागच्या चौघी पडतात, आणि संध्याकाळपर्यंत गावात भलतीच बातमी पसरते. वेगळ्या खोलीत एकेकीला घे. डबा खाऊन आली का विचार. पूर्वी कधी चक्कर आली असेल तर झोपवूनच दे. सुई बघून काहींचे ठोके मंदावतात आणि रक्तदाब एकदम खाली येतो, म्हणून अशा मुलीला ‘अंग सैल सोड’ म्हणणं उलट पडतं. तिला मांड्या, पोट आणि दुसरा हात दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायला सांग, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट सोडायचं, पुन्हा आवळायचं, असं चार-पाच वेळा. टोचायचा दंड तेवढा सैल. अर्धा तास बसवून ठेवायचा नियम आहेच, तो घाईत मोडू नकोस.

इतकं करायला वेळ कुठून आणू, असं तू विचारशीलच. यातलं बरंचसं तू कार्ड भरताना आणि एडी सिरिंजमध्ये लस ओढताना होऊन जातं. आई तेव्हाच पाजायला बसते. वेळ खरा जातो तो न आलेल्या बाळाच्या घरी तीन-तीनदा जाण्यात.

त्या अडीच महिन्यांच्या बाळाकडे या वेळी आशाताईंबरोबर तू स्वतः जा आणि एकच सुई आहे हे सांग. आणि पुढच्या सत्राच्या आधी अंगणवाडीताईंकडून आईला बाळ मांडीवर घेऊन बसायला एक बिनहाताची खुर्ची मागून घे.

तुझी,
आत्या