घंटा फाटकाबाहेर हवी

फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी टांगली की आपले काम झाले, असे बहुतेक श्वानमालक धरून चालतात. पाटी वाचूनही जो आत आला, त्याचे तो बघून घेईल, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो, म्हणून हे लिहितो आहे. आपल्या आवारात रोज कोण येते ते आठवून पाहा. पोस्टमन, सिलिंडर आणणारा, विजेच्या मीटरचे रीडिंग घेणारा, पार्सलवाला, घरकामाच्या मावशी, शेजारचे मूल. यांतले बहुतेक आपणच बोलावलेले असतात किंवा आपल्याच कामासाठी आलेले असतात. त्यांना परत फिरण्याची मुभा नसते, कारण फिरले तर त्या दिवसाची मजुरी बुडते किंवा वरून तक्रार येते. शिवाय अनेक बंगल्यांत घंटेचे बटण फाटकापासून वीस पावले आत, पडवीतल्या दाराशी असते. म्हणजे पाटी सांगते सावध रहा आणि घंटा म्हणते आत या. अशा घरी सावध राहायचे म्हणजे त्या माणसाने नेमके काय करायचे?

पाटीने मालकाची सुटका होत नाही, उलट तो जास्त अडकतो. आपल्या कुत्र्यापासून माणसाला धोका आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होते, याचा लेखी पुरावा त्याने स्वतःच भिंतीवर लावलेला असतो. आपला कायदाही याच दिशेने बोलतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ म्हणते की, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टळेल इतपत खबरदारी जो जाणूनबुजून किंवा हयगयीने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम भारतीय दंड संहितेत २८९ क्रमांकाने होते आणि दंडाची मर्यादा एक हजार होती. या कलमात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, त्यात रस्ता, चौक, सार्वजनिक जागा असा शब्दच नाही. कुत्रा कुठे उभा होता यापेक्षा तो कुणाच्या ताब्यात होता, हे महत्त्वाचे. दुसरी, कलम मालकीची नव्हे, ताब्याची भाषा करते. मालक परगावी असताना कुत्रा सांभाळणारा भाडेकरू, नातेवाईक किंवा शेतघराचा राखणदारही त्यात येऊ शकतो.

इंग्लंडमध्ये हा वाद उघडपणे लढला गेला. तिथला धोकादायक कुत्र्यांचा कायदा १९९१चा, पण मालकाच्या खासगी आवारात झालेला हल्ला बहुतेक वेळा त्याच्या कक्षेबाहेर राहत असे. याचा मोठा मार खाल्ला पोस्टमननी, कारण त्यांचे कामच दुसऱ्यांच्या दारापर्यंत जाण्याचे. त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि मे २०१४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कायदा खासगी जागेलाही लागू झाला. घरात घुसखोरी करणाऱ्याच्या बाबतीत मालकाला सूट ठेवली, आणि ती योग्यच आहे. कॅलिफोर्निया त्याहून पुढे गेले आहे. तिथे कायदेशीर कारणाने आवारात आलेल्या माणसाला कुत्रा चावला तर तो पूर्वी कधी चावला होता की नाही हे न पाहता मालकाने भरपाई द्यायची, आणि टपाल पोहोचवणाऱ्याचा उल्लेख त्या कायद्यात मुद्दाम केलेला आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत दुःखद रूप हैदराबादला दिसले. जानेवारी २०२३ मध्ये बंजारा हिल्स भागात जेवणाचे पार्सल द्यायला गेलेल्या एका तरुणावर ग्राहकाच्या घरातला जर्मन शेफर्ड धावून आला. जीव वाचवायला पळताना तो तरुण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि त्या जखमांनी दगावला. दार उघडण्याआधी कुत्रा दुसऱ्या खोलीत बंद करायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. या विषयातली सगळी जबाबदारी त्या अर्ध्या मिनिटात सामावलेली आहे, असे मला वाटते.

यावर मालकांचे पहिले उत्तर ठरलेले असते: "घाबरू नका हो, तो काही करत नाही." हे वाक्य ते खोटे बोलण्यासाठी म्हणत नाहीत. त्यांच्याशी तो खरोखरच काही करत नाही. पण कुत्रा घरच्या माणसाला एका नजरेने बघतो आणि उंबऱ्याशी आलेल्या अनोळखी माणसाला दुसऱ्या. बागेत शेपटी हलवणारा कुत्रा स्वतःच्या दाराशी राखणदार होतो. हीच तर त्याची जात, आणि याच गुणासाठी माणसाने त्याला जवळ केले. खाताना, पिल्ले जवळ असताना, म्हातारपणी दुखणे लागल्यावर तो आणखी बदलतो. हे बदल ओळखू शकणारी माणसे जगात दोन-चारच, ती त्याच्या घरची. सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाकडून ती ओळख अपेक्षिणे अन्याय आहे. 'आजवर कधी चावला नाही' हेही उत्तर तोकडे पडते, कारण पहिला चावा होईपर्यंत प्रत्येक कुत्रा कधी न चावलेलाच असतो.

दुसरे उत्तर असते चोरांचे. राखणीसाठी कुत्रा पाळला, तो भुंकणार आणि अंगावर जाणारच. रात्री कुलूपबंद आवारात मोकळा सोडलेला कुत्रा आणि भर दुपारी उघड्या फाटकाआड सोडलेला कुत्रा यांत मी फरक करतो. बहुधा न्यायालयही करील. पण कुत्रा चोर आणि पाहुणा यांच्यात फरक करत नाही. चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारणारा दहा वर्षांचा मुलगा त्याला चोरच वाटतो, आणि त्या उंचीवर दात लागतात ते मुलाच्या चेहऱ्याला.

काही जण म्हणतात, म्हणूनच आम्ही चोवीस तास बांधून ठेवतो. ही खबरदारी नव्हे. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चिडचिडा होतो आणि साखळी सुटली की सगळी चीड बाहेर काढतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही मालकाचा अपराध मानला आहे. माणसाची सुरक्षितता आणि कुत्र्याचे सुख इथे एकाच दिशेला आहेत.

सोसायटीतले मालक प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतात. त्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. बरोबर आहे, आणि तो हक्क टिकलाच पाहिजे. पण लिफ्ट म्हणजे चार जणांची बंद पेटी. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये लहान मूल असताना एका रहिवाशाने आपला हस्की आत आणला आणि तो मुलाच्या वडिलांना चावला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. आत कुणी घाबरलेले दिसले तर पुढच्या फेरीची वाट पाहायला हक्क आड येत नाही.

'खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे' हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो प्रश्न मोठा आहेच. पण भटक्या कुत्र्याला मालक नाही, ही तिथली अडचण. पाळलेल्याला आहे. जिथे जबाबदार माणूस समोर उभा आहे तिथे तरी टाळाटाळ चालू नये. जातींवर बंदी हा उपायही मला पुरेसा वाटत नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींविरुद्ध काढलेले पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केले. ते टिकले असते तरी उघडे फाटक उघडेच राहिले असते.

आता जे करायचे ते. दार उघडण्याआधी कुत्रा आत, हा नियम घरातल्या मुलांनाही पाठ असू द्या. पार्सल मागवताना सूचनांत 'घरात कुत्रा आहे, फाटकाबाहेर थांबा, मी येतो' एवढे लिहा. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मुदतीत ठेवा, लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. कुत्रा चावलाच तर वाद घालू नका; त्या माणसाला दवाखान्यात न्या, खर्च द्या आणि कार्ड दाखवा.

ज्याला चावला त्याने आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. कुत्र्याला लस दिलेली आहे असे मालक म्हणाला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे दिसल्यावर वाचणे जवळजवळ अशक्य असते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून अनेकांच्या मनात आहे; ती लस देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घ्यायची असते आणि रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, पण त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. मालक हात झटकत असेल तर जखमेचे फोटो आणि दवाखान्याचे कागद घेऊन पोलिसांत जावे. कलम २९१चा गुन्हा दखलपात्र आहे, 'आपसात मिटवा' एवढे ऐकून परत फिरू नये.

आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आज संध्याकाळी एकदा फाटकाबाहेर, पार्सलवाला उभा राहतो तिथे उभे राहून बघावे. तिथून घंटेला हात पोहोचत नसेल, तर उद्याच वायरमनला बोलवा आणि ती बाहेर काढून घ्या. तो येईल तेव्हा कुत्रा आत बांधून ठेवा.